पंगत उठल्यावरची झाडलोट

(डॉक्टरांच्या स्मृतिदिनी झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. छापताना बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांना या गावात कुणी आडनावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. ते सगळ्यांचे डॉक्टरकाका. एमबीबीएस झाल्यावर, पुढच्या शिक्षणाला जाण्याआधी, मी सहा महिने त्यांच्या दवाखान्यात त्यांच्या शेजारी स्टुलावर बसलो. पोटाची तक्रार घेऊन माणूस आला की औषधाआधी ते तीन प्रश्न विचारत. पोट जेवल्याबरोबर फुगतं की तास-दीड तासानं? संडाससाठी रात्री झोपेतून उठावं लागतं का? आणि पोटाचं कधी काही ऑपरेशन झालंय का? उत्तरं ते केसपेपरच्या पाठीमागे बारीक अक्षरात लिहून ठेवत. मला तेव्हा वाटायचं, एवढी गर्दी बाहेर बाकावर बसलेली असताना हे लिहीत बसायला यांना वेळ कुठून मिळतो. त्या पाठीमागच्या अक्षरांनी मला पुढे काय शिकवलं, ते आज सांगणार आहे.

विषय आहे लहान आतड्यात माजणाऱ्या जंतूंचा. डॉक्टर मंडळी त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सिबो’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत हा शब्द मोबाईलवरून घराघरांत पोचला. पोट डब्ब झालं, करपट ढेकर आले, अंगात त्राण वाटेना, की लोक स्वतःच निदान घेऊन येतात: ‘डॉक्टर, मला सिबो झालाय.’ त्यांतल्या काहींना तो खरोखरच असतो. बऱ्याच जणांना नसतो. आणि ज्यांना असतो त्यांचे उपचार पुष्कळदा अर्ध्यावर थांबतात. मला त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलायचं आहे.

आधी घराची रचना पाहू. आपल्या पोटात जंतू असतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते सगळीकडे सारखे नसतात. मोठ्या आतड्यात एका ग्रॅममध्ये शंभर अब्जांच्या घरात जंतू राहतात, आणि ते तिथले हक्काचे रहिवासी आहेत. लहान आतड्याच्या वरच्या भागात मात्र दर मिलिलिटरमागे ते हजाराच्याही आत असतात. पुढे पुढे सरकत मोठ्या आतड्याच्या उंबऱ्याशी आलो की संख्या वाढत जाते. एकाच सलग नळीत इतका फरक! वरच्या भागात अन्नाचं पचन आणि शोषण चालतं. तिथे जंतू पानावर बसले, तर आपल्या आधी तेच जेवून उठतील. म्हणून शरीरानं तिथे राखण ठेवली आहे. जठरातलं आम्ल येणाऱ्या जंतूंपैकी बहुतेकांना मारतं. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस उरलेल्यांना जड जातो. आतड्याचं अस्तर स्वतःची प्रतिपिंडं सोडतं. लहान आणि मोठ्या आतड्यामध्ये एक झडप आहे, ती मागे येणाऱ्यांना अडवते.

आणि पाचवी राखण, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: झाडलोट.

तुम्ही पंगती पाहिल्या आहेत. पहिली पंगत उठली की दुसरी लगेच बसत नाही. पत्रावळी उचलतात, खरकटं गोळा करतात, जमीन पुसून घेतात, मग नवी पानं मांडतात. लोक पानावर बसलेले असताना कुणी केरसुणी फिरवत नाही. आपलं आतडं नेमकं असंच वागतं. अन्न आत असेपर्यंत त्याची हालचाल घुसळण्याची, कालवण्याची असते. अन्न पुढे सरकलं, पोट रिकामं झालं, की साधारण दर दीड-दोन तासांनी जठराकडून एक जोरदार लाट उठते आणि हळूहळू लहान आतड्याच्या टोकापर्यंत सरकत जाते. उरलेले कण, गळून पडलेल्या पेशी, चिकटू पाहणारे जंतू, सगळं ती पुढे लोटते. रिकाम्या पोटी आपल्याला जो गुडगुडाट ऐकू येतो, त्यात या लाटेचा मोठा वाटा आहे. पुढच्या घासाबरोबर लाट थांबते; नवी पंगत बसली.

या लाटेचा नीट नकाशा १९६९ मध्ये अमेरिकेत शुर्शेव्स्की यांनी कुत्र्यांच्या आतड्यातल्या विद्युत हालचाली मोजून मांडला. १९७७ साली बेल्जियममधल्या लूवाँच्या व्हानट्रापेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती माणसांत मोजली. निरोगी माणसांत लाट होती. आतड्यात जंतू माजलेल्या काही रुग्णांत ती उठतच नव्हती. मला हा शोधनिबंध फार मोलाचा वाटतो. त्यानं प्रश्नाचं तोंड फिरवलं. जंतू कुठून आले हे विचारण्याऐवजी, ते वाहून का गेले नाहीत हे विचारायला त्यानं शिकवलं.

झाडलोट थांबण्याची कारणं अनेक. जुन्या मधुमेहात आतड्याच्या नसा बोथट होतात, हालचाल मंदावते. थायरॉईड कमी पडलं तरी तेच. अफूच्या जातीची वेदनाशामकं आतडं सुस्त करतात. स्क्लेरोडर्मा नावाच्या आजारात आतड्याचे स्नायूच ताठरतात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना चिकटतात, कुठे पिशवीसारखे फुगे येतात, कुठे नळी अरुंद होते. आपल्याकडे अरुंद होण्याचं एक कारण डॉक्टरनं कधीही नजरेआड करू नये: आतड्याचा क्षयरोग. तो बहुधा लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी बसतो आणि व्रण भरताना नळी आवळतो. आवळलेल्या जागेमागे अन्न साचतं. साचल्या अन्नात जंतू माजतात. अशा माणसाला गॅसच्या गोळ्या देत राहणं म्हणजे महिने वाया घालवणं. त्याला क्षयाचे पूर्ण उपचारच हवेत, ते सहा महिने चालतात, आणि कधी शस्त्रक्रियाही करावी लागते.

आता एका माणसाची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला सोपी नाही.

सोलापूरच्या गिरणीत आयुष्य घालवून गावी परतलेले एक आजोबा १९९७ साली माझ्याकडे आले. डॉक्टरकाकांनी दवाखाना बंद केला तेव्हा त्यांचे जुने केसपेपर माझ्याकडे आले होते, त्यात आजोबांचाही होता. तक्रार अशी की जेवल्यावर तासाभरानं पोट फुगतं, दिवसातून चार-पाच वेळा पातळ, चिकट, तेलकट संडास होते, वजन उतरत चाललंय. मी संडास तपासायला पाठवली, नीटसं काही निघालं नाही. जुना आमांश असणार असं धरून मेट्रोनिडाझोल दिलं. पंधरवड्यानं आजोबा हसतमुखानं आले. पोट हलकं, संडास एकदा. मला माझ्या निदानाचा अभिमान वाटला. दीड महिन्यानं तक्रार परतली. पुन्हा तेच औषध, पुन्हा आराम. असं दोन वर्षांत पाच-सहा वेळा झालं. दर वेळी मी त्यांना पाणी उकळून प्या म्हणून बजावत होतो.

१९९९ च्या पावसाळ्यात ते मुलाचा हात धरून आले. अंधारात तोल जातो, पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. रक्त तपासलं. तांबड्या पेशी आकारानं मोठ्या झालेल्या, बी-१२ अगदी तळाला, आणि फोलेट मात्र नेहमीपेक्षा जास्त. हे शेवटचं वाचून मी थबकलो. केसपेपर उलटा केला. डॉक्टरकाकांचं बारीक अक्षर: ‘१९७४, अल्सर, जठराचं ऑपरेशन, जठर खालच्या आतड्याला जोडलं.’

दोन वर्षं तो कागद माझ्या टेबलावर होता आणि मी तो उलटून पाहिला नव्हता.

ते ऑपरेशन समजून घ्यायला हवं, कारण आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळ माणसांच्या पोटात ते आहे. जठराचा कर्करोग झालेल्या एका बाईच्या जठराचा भाग कापून काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात १८८१ च्या जानेवारीत केली. पुढे त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्या सर्जननी जोडणीचे वेगवेगळे प्रकार काढले. जठरव्रणाला, म्हणजे अल्सरला, नेमकं औषध नव्हतं त्या काळात जगभर आणि आपल्याकडेही अशा शस्त्रक्रिया मोठ्या संख्येनं झाल्या. अल्सरमागे बहुधा एक जंतू असतो हे ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल यांनी १९८२ च्या सुमारास दाखवलं, त्याबद्दल त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. आज गोळ्यांनी जो अल्सर बरा होतो, त्यासाठी १९७४ मध्ये पोट उघडावं लागे. त्या शस्त्रक्रियेनं अनेकांचे जीव वाचले. पण काही जोडण्यांत आतड्याचा एक तुकडा वाटेवरून बाजूला राहतो. अन्न दुसऱ्या मार्गानं जातं, आणि तो तुकडा बंद गल्लीसारखा पडून राहतो. केरसुणी तिथवर पोचत नाही. इंग्रजीत याला ब्लाइंड लूप म्हणतात, आंधळं वळण.

या वळणाची ओळख सिबो या शब्दाहून कितीतरी जुनी आहे. कोपनहेगनच्या क्नूड फाबर यांनी १८९७ मध्ये आतडं अरुंद झालेल्या रुग्णात घातक रक्तक्षय होतो हे नोंदवलं. तेव्हा बी-१२ हे नावही नव्हतं. ते वेगळं काढता आलं १९४८ साली. मग कोडं सुटत गेलं. आंधळ्या वळणातले जंतू बी-१२ स्वतःच गिळतात. १९५० च्या दशकात दिसलं की अशा रुग्णाला टेट्रासायक्लिनसारखं प्रतिजैविक दिलं की बी-१२ पुन्हा शोषलं जातं. जंतू पित्ताचे क्षारही मोडून टाकतात, त्यामुळे तूप-तेल पचत नाही आणि संडास चिकट, तरंगणारी होते. आणि हेच जंतू फोलेट तयार करून सोडतात. म्हणून बी-१२ खाली आणि फोलेट वर, ही जोडी दिसली की कान टवकारावेत.

या फोलेटचा मुंबईशी जवळचा संबंध आहे, तो इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गरोदर बायकांना होणारा, मोठ्या पेशींचा, जीवघेणा रक्तक्षय कशानं होतो याचा त्या शोध घेत होत्या. त्यांनी बायकांचं खाणं पाहिलं, घरं पाहिली, माकडांवर प्रयोग केले. आणि १९३१ मध्ये दाखवून दिलं की यीस्टपासून केलेल्या मार्माइटनं हा रक्तक्षय बरा होतो. त्यातला तो घटक म्हणजे पुढे ज्याला फोलिक आम्ल म्हटलं गेलं तो. गरोदरपणी मिळणारी गोळी खाणाऱ्या प्रत्येक सुनेच्या पाठीशी त्या काळातली ही मुंबई उभी आहे.

पण मी इथे थांबवतो तुम्हाला. बी-१२ कमी म्हणजे जंतू माजले, असं कुणी घरी जाऊन ठरवू नये. आपल्या महाराष्ट्रात बी-१२ कमी असण्याचं सर्वांत सामान्य कारण साधं आहे: ताटात मांस-मासे-अंडी नाहीत आणि दूध थोडं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी आढळलं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननंही ते उतरतं. कोणाचं बी-१२ कशामुळे कमी आहे, हे रिपोर्टवरचा आकडा सांगत नाही. ते माणसाला विचारावं लागतं.

मग तपासणीचं काय? सर्वांत थेट मार्ग म्हणजे दुर्बीण घालून लहान आतड्यातला रस ओढायचा आणि जंतू वाढवून मोजायचे. पूर्वी मिलिलिटरला एक लाख ही रेघ मानत. आता हजारावर आणली आहे. हे काम खर्चाचं, किचकट, आणि तोंडातले जंतू त्यात मिसळण्याचा धोका. म्हणून श्वासाची चाचणी आली. तिच्यामागचं सत्य मला नेहमी सुंदर वाटतं: माणसाच्या पेशी हायड्रोजन वायू बनवतच नाहीत. अमेरिकेतल्या मायकेल लेव्हिट यांनी १९६९ मध्ये माणसाच्या आतड्यातल्या हायड्रोजनचं मोजमाप मांडलं. आपल्या श्वासात तो आला तर तो जंतूंनीच बनवलेला. म्हणून आदल्या दिवशी साधा भात खाऊन, रात्रभर उपाशी राहून, सकाळी ७५ ग्रॅम ग्लुकोज किंवा १० ग्रॅम लॅक्ट्युलोज प्यायचं आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी नळीत फुंकायचं. भातच का? कारण तांदळाचं पिष्ट जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, मागे जंतूंसाठी काही उरत नाही. आजारी माणसाला मऊ भात देणाऱ्या आजीला हायड्रोजन माहीत नव्हता. पण मऊ भात पोटाला झेपतो, हे तिनं पाहिलेलं होतं.

दीड तासाच्या आत हायड्रोजन २० पीपीएमनं वाढला तर चाचणी होकारार्थी धरतात. आता अडचणी ऐका. ग्लुकोज वरच्या भागातच शोषलं जातं, त्यामुळे खालच्या भागातले जंतू सुटून जातात. लॅक्ट्युलोज शोषलंच जात नाही. ज्याचं आतडं वेगानं चालतं त्याच्यात ते लवकर मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथल्या हक्काच्या रहिवाशांनी वायू सोडला की चाचणी उगाचच होकारार्थी येते. संग्रहणीसारख्या वाटणाऱ्या, ज्याला आज आयबीएस म्हणतात त्या त्रासात सिबो किती जणांना असतो? वेगवेगळ्या अभ्यासांत उत्तर ४ टक्क्यांपासून ७८ टक्क्यांपर्यंत आलं आहे. आजार काही गावागणिक इतका बदलत नाही. मोजपट्टी बदलली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कारण शोधण्याआधी, तब्येतीचा इतिहास घेण्याआधी, नुसत्या लॅक्ट्युलोजच्या एका कागदावर कुणालाही रोगी ठरवू नये.

संग्रहणीचा शब्द आलाच आहे तर वेल्लोरची आठवण काढायला हवी. १९६० च्या सुमारास वेल्लोरच्या आसपासच्या खेड्यांत ट्रॉपिकल स्प्रू नावाच्या, म्हणजे संग्रहणीच्याच जातीच्या आजाराच्या साथी आल्या. माणसं जुलाबांनी, शोषणच न झाल्यानं झिजत होती. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथान यांनी हा आजार खेड्यांत जाऊन अभ्यासला. टेट्रासायक्लिन आणि फोलिक आम्ल हे त्यावरचे उपचार, आणि ते काही महिने द्यावे लागत. जंतू आणि शोषण यांचं नातं भारतातल्या डॉक्टरांना मोबाईल येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. पुढे लखनौमध्ये उदय घोषाल यांनी याच विषयावर अनेक वर्षं काम केलं आणि श्वासाच्या चाचण्या किती चुकतात हेही निर्भीडपणे मांडलं.

आता उपचार. पहिली पायरी प्रतिजैविकांची. त्यांत आज सर्वांत जास्त नाव आहे रिफॅक्सिमिनचं. याची वंशावळ ऐकण्यासारखी आहे. दक्षिण फ्रान्समधल्या पाइनच्या जंगलातली माती मिलानच्या प्रयोगशाळेत आली, त्यातल्या एका सूक्ष्मजीवापासून १९५७ मध्ये रिफामायसिन सापडलं. त्याच घराण्यातलं एक अपत्य म्हणजे क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन, आणि दुसरं इटलीतच घडलेलं रिफॅक्सिमिन. या दुसऱ्याचा विशेष असा की ते रक्तात जवळजवळ जातच नाही. गिळलेल्या गोळीतलं औषध आतड्यातच राहतं आणि तिथेच काम करतं. म्हणून इतर प्रतिजैविकांच्या मानानं ते सोसवतं. मात्र या सख्ख्या नात्यामुळेच, क्षयाचे जंतू रिफॅम्पिसिनला सरावू नयेत म्हणून, आपल्या देशात ते लिहिण्याआधी क्षयाची शंका नीट निरसून घ्यावी असं मी नेहमी सांगतो. झिजणाऱ्या, ताप येणाऱ्या, रात्री घाम फुटणाऱ्या माणसाला ‘गॅस’ म्हणून हे औषध चालू करू नये.

रिफॅक्सिमिनचा गुण किती? अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, बद्धकोष्ठ नसलेल्या आयबीएसच्या १,२६० रुग्णांना ५५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, चौदा दिवस किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी दिली. पुरेसा आराम वाटला तो औषधानं ४०.७ टक्के आणि रिकाम्या गोळीनं ३१.७ टक्के लोकांना. हे रुग्ण सिबोची चाचणी करून निवडलेले नव्हते, हे लक्षात ठेवा. तरीही आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. औषध काहींना खरंच उपयोगी पडतं. आणि दहांतल्या तिघांना, कुणीतरी आपलं ऐकून घेतलं, नेमानं विचारपूस केली, कदाचित एवढ्यानंही बरं वाटतं.

जिथे हायड्रोजनऐवजी मिथेन वायू जास्त निघतो, तिथे पोट बहुधा साफ होत नाही. मिथेन बनवणारे जीव तर जंतूही नव्हेत; ते आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातले. तिथे एका औषधावर भागत नाही, जोडीला दुसरं द्यावं लागतं. बाकी सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडाझोल ही सगळी वापरात आहेत. मेट्रोनिडाझोल वारंवार, दीर्घकाळ घेतलं तर ते स्वतःच पायांच्या नसांना इजा करतं. माझ्या आजोबांच्या मुंग्यांमध्ये माझ्या औषधाचा वाटा किती होता, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही.

आता ज्या आकड्यासाठी मी हे सगळं सांगत आलो तो. रोममधला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. रिफॅक्सिमिन देऊन ज्यांची श्वासाची चाचणी सुधारली अशा ८० जणांवर पुढे लक्ष ठेवलं. तीन महिन्यांनी १२.६ टक्के, सहा महिन्यांनी २७.५ टक्के आणि नऊ महिन्यांनी ४३.७ टक्के जणांत जंतू परत माजले होते. वय जास्त असणाऱ्यांत, पूर्वी अपेंडिक्स काढलेल्यांत आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या कायम घेणाऱ्यांत ते जास्त परतले.

ही शेवटची गोष्ट आपल्या घरची आहे. सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची ‘ॲसिडिटीची गोळी’ किती जणांच्या उशाशी आहे? कधीतरी कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली, आणि दहा वर्षं चाललेली. आम्ल हा आपल्या उंबऱ्यावरचा राखणदार. रक्तस्राव झालेल्या अल्सरला, हृदयासाठी रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्याला ती गोळी लागते, त्यानं ती माझं भाषण ऐकून बंद करू नये. पण जिला कारण उरलेलं नाही ती गोळी डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडता येते. सिबोच्या उपचारात मी औषध सुरू करण्याइतकंच औषध बंद करण्याला महत्त्व देतो. गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावतो. वेदनाशामक कोणती, आम्लाची कोणती, मधुमेहाची कोणती. साखर काबूत आणणं, थायरॉईड दुरुस्त करणं, अरुंद जागा मोकळी करणं, हे सगळे जंतूंवरचेच उपाय आहेत. झाडलोटीची लाट वाढवण्यासाठी कमी मात्रेतलं एरिथ्रोमायसिन किंवा प्रुकॅलोप्राइड देतात. तो निर्णय डॉक्टरांचा.

आणि पंगती. सकाळी चहा-बिस्किटं, मग पोहे, मग पुन्हा चहा, जेवण, चार वाजता फरसाण, संध्याकाळी भेळ, साडेदहाला जेवण. लाट उठायला दोन तास मोकळे मिळतात कुठे? दोन खाण्यांमध्ये चार-पाच तास, मधे फक्त पाणी, आणि रात्रीचं जेवण लवकर. ज्याला झेपेल त्यानं हे करून पाहावं. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यानं विचारल्याशिवाय करू नये. वाढत्या वयाच्या मुलांनी, गरोदर बाईनं तर नाहीच.

आता अन्नाच्या भीतीविषयी. मला याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. दोन वर्षांपूर्वी एक तरुण शिक्षिका आली. लॅक्ट्युलोजची चाचणी होकारार्थी, औषधाचे तीन कोर्स झालेले. तिनं आधी कांदा-लसूण सोडला, मग गहू, मग डाळी, मग दूध, मग फळं. भात, दुधीभोपळा आणि मीठ एवढ्यावर आली होती. वजन अकरा किलोनं उतरलेलं, केस गळत होते. शाळेतल्या हळदीकुंकवाला जाणंही तिनं बंद केलं होतं, कारण हातावर काही ठेवलं तर खायचं कसं? तिच्या आतड्याची गती जास्त होती, चाचणी फसली होती. तिला सिबो नव्हता. पण समजा असता, तरी हा उपाय नव्हता.

काही पदार्थ आतड्यात जास्त आंबतात हे खरं. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, काहींना दूध. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पदार्थांना बाजूला ठेवण्याची पद्धत बसवली, आणि त्या पद्धतीतच स्पष्ट आहे की ती चार-सहा आठवड्यांपुरती असते. मग एकेक पदार्थ परत आणून आपल्याला नेमकं काय सोसत नाही हे शोधायचं. लोक पहिला अर्धा भाग करतात आणि दुसरा विसरतात. आहार कमी केल्यानं जंतूंचं खाणं कमी होतं, वायू कमी होतो, पोट शांत वाटतं. पण झाडलोट सुरू होत नाही. आपल्या ताटात सोसणारं पुष्कळ आहे: ज्वारीची भाकरी, नाचणी, भात, मुगाचं पातळ वरण, दोडका, भेंडी, काकडी, फोडणीत लसणाऐवजी हिंग. लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या तरी चव तेलात उतरते, आणि त्रास देणारा भाग पाण्यात विरघळणारा असल्यानं तेलात येत नाही. त्या शिक्षिकेला आम्ही दर आठवड्याला एक पदार्थ परत दिला. पाचव्या महिन्यात तिनं पुरणपोळी खाल्ली आणि मला दुपारी फोन करून सांगितलं की काही झालं नाही.

जंतूंना सगळ्या दुखण्यांचं मूळ समजण्याची चूक पूर्वीही झाली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे नावाजलेले सर्जन अर्बथनॉट लेन यांनी, आतड्यात साचलेल्या घाणीचं विष अंगात भिनतं या समजुतीनं, बद्धकोष्ठ असलेल्या माणसांची मोठी आतडीच काढून टाकली. ते हुशार होते, प्रामाणिक होते. आज कुणी आतडं काढत नाही. पण शिक्षिकेच्या ताटातून एकेक पदार्थ काढला गेला, तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली.

आजोबांचं काय झालं ते राहिलं. पुन्हा शस्त्रक्रिया करून ते वळण सरळ करता येईल का, हे विचारायला त्यांना मोठ्या शहरात पाठवलं. वय आणि छातीचा दमा पाहून सर्जननी नको म्हटलं, आजोबांनीही. मग आम्ही ठरवलं की वळण आहे तसं राहील आणि आपण त्याची देखभाल करू. बी-१२ ची इंजेक्शनं, आधी एक दिवसाआड, मग दरमहा. दर वेळी त्रास वाढला की दहा दिवस प्रतिजैविक, आणि दर खेपेला वेगळं, म्हणजे जंतू एकाला सरावणार नाहीत. अ आणि ड जीवनसत्त्वं वेगळी द्यावी लागली, कारण तुपाबरोबर तीही वाहून जात होती. जेवणाच्या वेळा त्यांच्या सुनेनं कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावल्या. वर्षभरात सहा किलो वजन आलं.

पुढच्या कार्तिकात ते पहाटे काकडआरतीला एकटे जाऊ लागले. हातात बॅटरी मात्र नेहमी असायची. तळव्यांची जाणीव पुरती परत आली नव्हती, त्यामुळे देवळाच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी ते प्रत्येक पायरीवर उजेड टाकून बघत.